जुळे सोलापुरातलं डावं ताम्हण

मार्च 2024 च्या अखेरीस जुळे सोलापुरातून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. "मॅडम, गेटच्या दोन्ही बाजूला ताम्हण लावलंय. उजवं मस्त फुटायलंय, डाव्याला रोग पडलाय. कुठलं औषध मारू सांगा की ओ."

फोनवर औषध सांगायचं नाही, हे मी फार पूर्वी ठरवून टाकलंय. फोटोवरून तर मुळीच नाही, कारण पिवळं पान फोटोत सगळ्याच आजारांत सारखं दिसतं. दोन दिवसांनी सकाळी लवकर गेले.

झाडांची माहिती अशी. जुलै 2023 मध्ये एकाच नर्सरीतून, एकाच टेम्पोतून आलेली दोन रोपं. एकाच माळ्याने एकाच दिवशी लावलेली. लावताना सहा फुटांची होती, मी पाहिली तेव्हा आठ फुटांच्या आसपास. बुंधा मनगटापेक्षा थोडा जाड. दोघांत अंतर गेटएवढं, म्हणजे बारा फूट. निदान करायला बसलेल्या माणसाला याहून चांगली सोय मिळत नाही. जे डाव्याला झालं आणि उजव्याला झालं नाही, तेवढंच शोधायचं होतं. पहिल्या दिवशी हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, आणि पुढचे पाच आठवडे त्यातच गेले.

ताम्हणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे आपलं राज्यफूल, त्यामुळे हल्ली बंगल्याबंगल्यापुढे लागतं. जांभळा तुरा दिसतोही देखणा. पण हे झाड मूळचं ओढ्याकाठचं, कोकणातल्या नदीनाल्यांच्या कडेचं. त्याला पाणी आवडतं, पण वाहतं. जमीन किंचित आम्लधर्मी असली तर खूश. सोलापूर जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती काळी, खाली मुरूम, मुरमात चुनखडी आणि बोअरचं पाणी असं की बादलीला आतून पांढरा थर चढतो. मला कोणी आधी विचारलं असतं तर मी बहावा सुचवला असता. लावून झाल्यावर मात्र हे ऐकवण्यात अर्थ नसतो. मास्तरांना मी ऐकवलंच नाही.

त्या दिवशी डाव्या झाडावर जे दिसलं ते असं: नवी पानं उजव्याच्या निम्म्या आकाराची. रंग पिकत आलेल्या लिंबाचा, पण शिरा हिरव्या, हिरव्या शाईने जाळं काढल्यासारख्या. थोडी आधी फुटलेली खालची पानं कडेने करपलेली. फांद्यांचे शेंडे दोन-तीन बोटं वाळलेले. पानं उलटून पाहिली: मावा नाही, पिठ्या ढेकूण नाही, भुरीची पांढरी भुकटी नाही. चिकटा नाही, म्हणून काजळीही नाही. गोल डाग, डागाभोवती पिवळं वलय, असलं काही नाही. नखाने साल खरवडली तर वाळक्या शेंड्याखाली दोन बोटांवर हिरवा थर लागला. फांदी जिवंत होती.

आता यातून मी काय काढलं? नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, लोह कमी पडलं तर नवी. हे पाठच असतं. आळ्यातली मूठभर माती बशीत घेऊन काकूंकडून, म्हणजे मास्तरांच्या पत्नीकडून, व्हिनेगर मागितलं आणि चमचाभर ओतलं. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. चुनखडी. सामू (पीएच) तपासला, तो 8.2 आला. इतक्या सामूला मातीत लोह असून नसल्यासारखंच असतं, मुळांना ते उचलता येत नाही. चित्र इतकं नीट जुळलं की मी आणखी काही पाहिलंच नाही. ईडीडीएचए चिलेटमधलं, म्हणजे असल्या मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, लोह आळ्यात द्यायला सांगितलं (ईडीटीए असल्या मातीत टिकत नाही, दुकानदार तेच पुढे करतो, म्हणून नाव कागदावर लिहून दिलं), आणि चहा पिऊन घरी आले.

ती चूक होती. निदान तर बरोबरच होतं, लोह खरोखर कमी पडत होतं. पण उजव्या झाडाची मातीही तशीच फसफसली असती. ती मी तपासली नाही. दोन्ही झाडांना जे सारखं लागू आहे त्याने एकच झाड आजारी कसं पडेल, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

त्यातून आणखी एक गंमत झाली. आठ-दहा दिवसांत पानं जरा हिरवी झाली. मास्तरांनी आनंदाने फोन केला, मीही खूश. एप्रिलच्या मध्याला फोनवरचा आवाज बदलला. "मॅडम, पानं मान टाकायल्यात. सकाळी पण उठत नाहीत."

दुपारी मान टाकणारं झाड संध्याकाळी, फार तर पहाटे सावरतं. पहाटेही पानं उभी राहात नसतील तर पाणी मुळातून वर चढत नाही. त्याची ठळक कारणं दोन. एक तर पाणी नाही, नाहीतर पाणी घेणारी मुळी नाही. पाणी तर मास्तर रोज घालत होते.

मध्यंतरी त्यांच्या भाच्याने हस्तक्षेप केला होता, हे मला नंतर कळलं. भाचा सांगोल्याकडचा, डाळिंबाचा बागायतदार. सोलापूर जिल्ह्यात झाड सुकलं की पहिला शब्द तोंडी येतो तो 'मर'. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आहे, त्याआधीपासून आणि नंतरही इथल्या शेतकऱ्याने तेल्या (डाळिंबावरचा डागांचा रोग) आणि मर (झाड सुकून मरण्याचा रोग) या दोन शब्दांपायी रात्री जागून काढल्यात. त्यामुळे भाच्याचा दोष नाही. "मामा, ही मर हाय. आमची अख्खी ओळ गेली अशी," म्हणून त्याने कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली (पाण्यात कालवून मुळाशी ओतलं), चार दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइडची. प्रत्येक वेळी दोन बादल्या. शिवाय एक वाळकी मुळी मातीसकट पिशवीत घालून खासगी प्रयोगशाळेत दिली. अहवाल आला: फ्युजॅरियम बुरशी आढळली.

मास्तरांनी तो कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "निदान झाले."

या कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण असे कागद पुढे करून मला दर महिन्याला कोणी ना कोणी भेटतं. फ्युजॅरियम हे एका बुरशीचं नाव नाही, ते आडनाव आहे. त्या घराण्यात काही नामांकित गुन्हेगार आहेत, तुरीची मर, केळीची मर त्यांचीच. पण बाकीचा गोतावळा मेलेल्या काडीकचऱ्यावर पोट भरतो आणि बहुतेक कुठल्याही मातीत सापडतो. मेलेली मुळी मातीसकट पाठवली तर तिच्यावर फ्युजॅरियम येणं म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर धूळ सापडणं. बुरशी आधी आली की मुळी आधी मेली, हे तो कागद सांगत नाही. ते विचारायचं तर मेलेल्या आणि जिवंत भागाच्या सीमेवरचा तुकडा पाठवावा लागतो. जिथे आजार चालू असतो, तिथला.

खरी मर ओळखायची एक खूण शेतकऱ्यांना माहीत असते. डाळिंबात सेराटोसिस्टिस बुरशीने मर आली तर खोडाचा आडवा छेद घेतल्यावर लाकडात तपकिरी-काळसर डाग दिसतो, कारण बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांतच शिरून बसते. मी भाच्याशी फोनवर बोलले. म्हटलं, तुम्ही खोड कापून बघितलंत का? तो म्हणाला, "मामाचं एवढं हौसेचं झाड, कसं कापू?" बरोबर होतं त्याचं.

30 एप्रिलला सकाळी सातला पुन्हा गेले. तेव्हाच फरशीवर चप्पल काढवत नव्हती. अर्धवट सुकलेली एक फांदी कात्रीने तिरकी कापली. लाकूड स्वच्छ, सायीच्या रंगाचं. डाग नाही. पण शेंड्याकडच्या काडीवरून बुंध्याची खात्री देता येत नाही, म्हणून 'मर' हा शब्द मी तेवढ्यावर खोडला नाही.

मग ओट्यावर बसून मास्तरांना म्हटलं, लावल्यापासून काय काय झालं ते सगळं सांगा. ते आत गेले आणि शंभर पानी वही घेऊन आले. शाळेत हजेरी मांडावी तशी त्यांनी झाडांची नोंद ठेवली होती. तारीख, पाणी किती, खत काय, एक शेरा. मला आयुष्यात इतका चांगला केसपेपर मिळालेला नाही. पानं उलटत गेले.

"9 जुलै. दोन्ही रोपे लावली. शेणखत 1-1 पाटी."
"22 ऑगस्ट. पाऊस नाही. बोअरचे पाणी सुरू."
"6 नोव्हेंबर. पेव्हर ब्लॉकवाले आले. गेटकडे भर घालून उतार काढला."
"4 डिसेंबर. डावे लाल पडू लागले."
"27 डिसेंबर. उजवे लाल पडू लागले."

ताम्हण हिवाळ्यात लाल होऊन पान गाळतंच, ती त्याची रीत. काकूंनी जानेवारीतच "रोग आलाय" म्हटलं होतं आणि मास्तरांनी पुस्तक दाखवून त्यांना गप्प केलं होतं. पण एकाच वयाच्या दोन झाडांत एकाने तीन आठवडे आधी रंग बदलावा, ही रीत नाही. ज्याची मुळं अडचणीत असतात ते झाड पान आधी सोडतं. म्हणजे आजार मार्चचा नव्हता, डिसेंबरच्या आधीचा होता. आणि डिसेंबरच्या चार आठवडे आधी पेव्हर ब्लॉकवाले आले होते.

वही बाजूला ठेवून दोन्ही बुंध्यांकडे पाहिलं. इतके दिवस मी वर पानांकडे बघत होते. उजव्या झाडाचा बुंधा जमिनीला टेकताना हत्तीच्या पायासारखा जरा पसरला होता. डाव्याचा बुंधा विजेच्या खांबासारखा सरळच्या सरळ जमिनीत गेला होता. कुठलंही झाड जमिनीतून खांबासारखं उगवत नाही. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे ते पसरतंच. तो पसरलेला भाग दिसत नसेल तर तो खाली कुठेतरी गाडलेला असतो.

लोखंडी गज टोचून पाहिला. उजवीकडे वीत-दीड वीत गेल्यावर अडला. डावीकडे लोण्यात गेल्यासारखा गेला आणि बाहेर काढला तेव्हा टोकाला निळसर-करडा गाळ चिकटला होता. वास घेतला. नासलेल्या अंड्याचा.

मग खुरप्याने उकरायला सुरुवात केली. वर ब्लॉकखालची कच, दोन बोटं. तिच्याखाली ठोकून बसवलेला मुरूम. चार-पाच इंच खाली गेल्यावर खुरपं बाजूला ठेवलं आणि हाताने माती काढू लागले, साल दुखावायला नको म्हणून. मुरूम आणि काळी माती यांच्या मधोमध झाडाने नवीन पांढरी मुळी फोडली होती, खोडातूनच, दोऱ्यासारखी बारीक, जमिनीच्या वरच्या अंगाला धावणारी. खालचं घर बुडालं म्हणून त्याने वरचा मजला बांधायला घेतला होता. ती पाहिली तेव्हा हायसं वाटलं. हे झाड अजून हरलेलं नव्हतं.

बुंध्याची खरी मान, म्हणजे खोड संपून मूळ सुरू होतं ती जागा, सापडली 14 सेंटिमीटर खाली. तिथली साल काळपट, ओली. अंगठ्याने हलकं दाबलं तर भिजवलेल्या बदामासारखी सुटून हातात आली. आत लाकूड तपकिरी, पण वरवर. चाकूच्या टोकाने खरवडल्यावर आत पांढरं लागलं. नळ्यांत डाग नव्हता. 'मर' मी इथे खोडली. मग सुरीने काठाकाठाने खरवडत मेलेली साल कुठे संपते आणि हिरवा थर कुठे लागतो ते शोधलं. टेपने मोजलं: बुंध्याचा घेर 17 सेंटिमीटर, त्यातली 7 सेंटिमीटर साल मेलेली. सगळी घराच्या बाजूची, जिथे पाणी येऊन थांबत होतं.

एक मुळी चिमटीत धरून ओढली. वरची साल मोज्यासारखी निसटली, आत नुसता दोरा उरला. गुदमरून सडलेली मुळी अशीच निघते. हुमणी अळीने खाल्लेली असती तर कुरतडल्याच्या खुणा आणि तुटकी टोकं दिसली असती. तीही शोधली, नव्हती.

मास्तर गप्प उभे होते. शेवटी म्हणाले, "पण मी तर पाणी रोज घालायलोय की ओ. उजनीत पाणी नाही, गावात बोंब, तरी झाडाला एक दिवस चुकवला नाही."

हे खरं होतं आणि दुःख तेच होतं. 2023 चा पावसाळा रुसलेला, उजनी भरली नव्हती आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेलेलं. नळाला पाणी पाच-सहा दिवसांआड. अशा साली माणूस झाडाला पाणी देतो तेव्हा त्यात माया असते, ती मापात बसत नाही. डाव्या झाडाकडे किती पाणी जातं त्याचा आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. बोअरच्या पाइपचं रोजचं पाणी दोघांना सारखं. काकूंचा पहाटेचा सडा: नोव्हेंबरनंतर काढलेल्या उतारामुळे सगळा डावीकडे. गाडी धुतलेलं पाणी, साबणासकट: डावीकडे. आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी. ते "फुकट कशाला घालवायचं" म्हणून काकू दोन वेळा बादलीने जवळच्या झाडाला, म्हणजे डाव्याला घालत. आरओ मशीन गोडं पाणी आपल्याला देतं आणि त्यातून काढलेले क्षार त्या बादलीत सोडतं. बोअरचं पाणी आधीच जड, त्याचा हा अर्क. पानांच्या कडा करपल्या होत्या त्या यानेच. वर भाच्याच्या चार बादल्या.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फुटांचा, मुरमात कोरलेला, आत काळी माती. अशा खड्ड्याला मी मडकं म्हणते, कारण त्याला बूड असतं आणि भोक नसतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या वाटा मिटतात. कोरडवाहू शेतीत काळ्या मातीतली ओल टिकवायची कशी यावर सोलापुरात 1933 पासून अभ्यास चाललाय. अंगणातल्या या दोन फुटी खड्ड्याचा प्रश्न नेमका उलटा होता. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओली पण हातात घेतली तर भुसभुशीत, तिच्यात हवाही आहे आणि ओलही, तो वाफसा डाव्या खड्ड्यात नोव्हेंबरपासून एकदाही आला नसावा.

आता हे सगळं कसं घडलं ते लावून बघू. मुळाच्या सालीला ओल्यात राहायची सवय असते, खोडाच्या सालीला नसते. खोडाची साल श्वास घेते, तिला पाऊस पडून वाळणं माहीत आहे. ती सतत ओल्या मुरमात गाडली की हळूहळू सडते. पानांत तयार झालेलं अन्न याच सालीतून खाली मुळांकडे जातं. साल मेली तेवढी वाट बंद, मुळं उपाशी. त्यात मुळांना हवा नाही. पांढरी मुळी सडली, पाणी वर चढेना, पानं मान टाकू लागली. पानं मान टाकतात म्हणून पाणी आणखी. आणि चुनखडीच्या मातीत पाणी साचून राहिलं की बायकार्बोनेट वाढतं, त्याने लोह उचलणं आणखी अवघड होतं. म्हणजे मी मार्चमध्ये जे पिवळेपण पाहिलं ते या साचलेल्या पाण्याचंच एक अपत्य होतं. चिलेटने ते आठ दिवस झाकलं, एवढंच.

उजवं झाड वाचलं ते योगायोगाने. त्या बाजूला जमीन आधीच उंच होती, म्हणून भर पडली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, मान उघडी राहिली. उतारही तिकडून इकडे.

ब्लॉक बसवणाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्यांना उतार काढायला सांगितला, त्यांनी काढला. झाडाच्या बुंध्याला माती लावली की झाड घट्ट बसतं असं आपल्याकडे सगळेच समजतात, माझे वडीलही समजायचे.

इलाजाचा विचार करताना पहिला मोह झाला तो झाड उचलून वर घेण्याचा. जानेवारी असता तर घेतलंही असतं. पण 43 अंशांत, अर्धी मुळं गेलेली असताना, वरची ती नवी पांढरी मुळी तोडून झाड हलवणं म्हणजे त्याला मारायला नेणं. झाड जागेवर ठेवायचं आणि जमीन खाली घ्यायची असं ठरलं.

बुंध्याभोवती सव्वा फुटाच्या घेरातले ब्लॉक काढले, मानेपर्यंत मुरूम उपसला. कडेने विटांचं कडं कोरडंच रचलं, सिमेंट नाही, म्हणजे बाहेरची भर आत ढासळणार नाही. वरची नवी मुळी मात्र तोडली नाही. तिच्यापुरता मुरूम काढून शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती घातली आणि ती मुळी तिकडे वळवली. मेलेली साल धारदार चाकूने जिवंत काठापर्यंत साफ केली. मास्तर गेरू-चुना घेऊन तयारच होते. मी नको म्हटलं. जखमेला वारा लागू दे. झाड जखम रंगाने बुजवत नाही, काठाने नवी साल वळवून बुजवतं. (रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना लावतात तो रात्री गाडीवाल्याला दिसावं म्हणून असला तर माझं काही म्हणणं नाही.)

खड्ड्याला भोक पाडणं सर्वांत कष्टाचं गेलं. आधी खात्री म्हणून बुंध्यापासून दीड फुटावर छोटा खड्डा घेऊन पाच लिटर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन: "अजून हाय तसंच हाय." मग माळ्याने पहारीने बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या उताराच्या अंगाला खड्ड्याच्या भिंतीतून तीन आरपार भोकं घेतली आणि ती जाड खडीने भरली. पहिल्या भोकातून काळं पाणी झिरपत बाहेर आलं. काकूंनी नाकाला पदर लावला.

बाकी कामं लहान होती. वाळके शेंडे हिरवं लागेपर्यंत कापले. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली. उताराच्या वळणावर एक बोटभर उंचीचा बांध, सड्याचं आणि गाडीचं पाणी गटारीकडे वळवायला. आरओचं पाणी फरशी पुसायला. खत नाही, बुरशीनाशक नाही, टॉनिक तर नाहीच. आजारी झाडाला खत देणं हा आपल्याकडचा एक आवडता अपघात आहे.

सगळ्यात अवघड सूचना होती पाणी बंद करण्याची. गज टोचून वीतभर खाली माती हाताला ओली लागते तोपर्यंत थेंब नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात, अख्खं गाव टँकरच्या रांगेत असताना, पिवळ्या झाडासमोर बसून पाणी न घालणं किती कठीण असतं ते मास्तरांच्या वहीत आहे. "5 मे. आज घातले नाही. 6 मे. घातले नाही. 7 मे. सौ. ने तांब्याभर घातले." अकराव्या दिवशी गज कोरडा आला. तेव्हा पहिलं पाणी, आणि तेही बुंध्याशी नाही, कड्याच्या बाहेरून गोल.

मे महिन्यात झाड आणखी खालावलं. वरचे दोन फूट वाळले, ते जूनच्या पहिल्या पावसानंतर कापून टाकले. मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं, काढून नवीन लावू का. मी सांगितलं, नवीन लावलं तरी याच मडक्यात लावाल, आधी बघू तर हे मडकं गळतं का. 2024 चा पाऊस चांगला झाला. जूनच्या अखेरीस कापलेल्या जागेच्या खाली तीन फुटवे आले, ऑगस्टमध्ये त्यांची पानं माझ्या तळहाताएवढी झाली, उजव्याच्या पानांच्या बरोबरीची. लोहाचा दुसरा डोस दिला नव्हता. रंग पूर्ण गडद हिरवा नाही, उन्हाळ्यात दोन्ही झाडं थोडी फिकटतातच. तेवढं या मातीत ताम्हण लावल्याचं देणं आहे आणि ते दर वर्षी थोडं चुकवावं लागणार.

त्या हिवाळ्यात वहीत नोंद आहे: "21 डिसेंबर. उजवे लाल. 24 डिसेंबर. डावे लाल." मास्तरांनी मला हे पान फोटो काढून पाठवलं, खाली काही न लिहिता.

शेवटची भेट 2025 च्या मे महिन्याअखेरची. त्या वर्षी मेमध्येच पावसाने झोडपलं. असा पाऊस मला हवाच होता, भोकं चालतात की बुजलीत ते त्याशिवाय कळणार नव्हतं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झालेला. सकाळी विटांच्या कड्यात चार बोटं पाणी होतं, दुपारी दोनला एक बोट, संध्याकाळी चिखल. जखमेच्या दोन्ही काठांनी नवी साल गोलसर वळून आत सरकली होती, मास्तरांच्या शाळेतल्या लाकडी पट्टीने मोजलं तर एका बाजूने अकरा मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने नऊ. मधला उघडा पट्टा अजून पाच सेंटिमीटरचा आहे. तिथलं लाकूड नखाने दाबून पाहिलं, टणक लागलं.

उजव्या झाडाला त्या दिवशी फुलांचे सात तुरे होते, पावसाने निम्म्या पाकळ्या खाली ब्लॉकवर पसरलेल्या. डाव्याला एकही नव्हता. काकूंनी विचारलं, "ह्याला कधी येतील ओ मॅडम?" म्हटलं, एवढ्यात नको, आधी साल भरू दे. त्यांनी मान हलवली आणि सड्याची बादली उचलून गटारीच्या बाजूने निघाल्या.